अरायव्हल नोटीस कचऱ्यात जाऊ नये म्हणून

२८ जुलै २०२५, सोमवार

वाशी, सेक्टर १७. क्लिअरिंग एजंटचं ऑफिस, चौदा माणसं, अकरा मेलबॉक्स. नवा मेल सर्व्हर बसवायचं काम माझ्याकडे आलं ते एका भांडणातून. गेल्या महिन्यात शिपिंग लाइनची अरायव्हल नोटीस (माल येतोय ही सूचना) जुन्या होस्टिंगच्या स्पॅम फोल्डरात जाऊन पडली. ते फोल्डर ऑफिसात कुणी उघडत नाही. खरं सांगायचं तर मीही माझं उघडत नाही. जहाज न्हावा शेव्याला लागलं, कंटेनर सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) गेला आणि इथे कुणाला पत्ताच नाही. बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टम्सचा फॉर्म) उशिरा भरलं की कस्टम्स पहिले तीन दिवस रोजचे ५,००० आणि पुढे रोजचे १०,००० रुपये लावतं. त्यावर सीएफएसचं भाडं, आणि फ्री डेज (कंटेनर फुकट ठेवायचे दिवस) संपले की लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवल्याचे पैसे. पार्टीनं तो सगळा आकडा शेठच्या गळ्यात घातला.

शेठ म्हणाले, "कचरा आला तर हातानं काढू हो. पण आलेली मेल लपता कामा नये."

वहीत पहिल्या पानावर हेच माझ्या भाषेत लिहून ठेवलं: मेल एकतर डोळ्यांसमोर पडेल, नाहीतर दारातून परत जाईल आणि पाठवणाऱ्याला तसं कळेल. मधे अडगळीची खोली नाही.

३० जुलै, बुधवार

सर्व्हर ऑफिसच्या माळ्यावर ठेवायचा शेठचा आग्रह होता, "समोर दिसेल तरी." नको म्हटलं. स्पॅमहाउस ही, कुठल्या आयपीवरून मेल घेऊ नये त्याच्या याद्या चालवणारी संस्था. ब्रॉडबँडचे आयपी तिच्या पीबीएल यादीत असतात. तिथून थेट निघालेली मेल अर्धं जग दारातच अडवतं. शिवाय माळ्याचा पत्रा गळतो, तो भाग वेगळा.

ऐरोलीतल्या एका डेटा सेंटरमधला व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला. २ कोअर, २ जीबी रॅम, डेबियन १२. २ जीबीत बसवू, उगाच भाडं कशाला वाढवा.

दोन अडचणी, दोन्ही अपेक्षित. बाहेर जाणारं पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट) बंद, ते तिकीट टाकून उघडून घेतलं. आणि आयपीवर डाग. घरून यादीत विचारलं तर उत्तर १२७.०.०.३, म्हणजे सीएसएस: आधी कुणीतरी इथून कचरा पाठवून गेलेलं. भाड्याच्या खोलीत राहायला जावं आणि दुसऱ्याच दिवशी आधीच्या भाडेकरूचा किराणावाला दारात उभा, तसं. यादीतून नाव काढून घ्यायच्या भानगडीत न पडता आयपीच बदलून मागितला. नवा स्वच्छ निघाला. त्याचं रिव्हर्स नाव (आयपीवरून शोधलं की मिळणारं) मेल सर्व्हरच्या नावाशी जुळवून घेतलं. उलटसुलट दोन्हीकडून एकच नाव यायला हवं.

डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरला द्यायची ते सांगते एमएक्स नोंद. जुन्या डोमेनच्या या नोंदीचा टीटीएल (बाकीच्यांनी ती लक्षात ठेवायची मुदत) ३०० सेकंदांवर आणून ठेवला. मेल वळवायच्या दिवशी चूक झालीच तर पाच मिनिटांत परत फिरता यावं म्हणून.

१ ऑगस्ट, शुक्रवार

बसवायचं ते: पोस्टफिक्स (मेल घेणारा-देणारा), डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा), रेडिस (गाळणीची आठवण), आरस्पॅमडी (स्पॅमची गाळणी), क्लॅमएव्ही (अँटिव्हायरस). पोस्टफिक्सबद्दल विचार करावा लागत नाही. विएत्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला हा सर्व्हर १९९८ साली बाहेर आला आणि अजून निमूट चालतो. गाळणीसाठी मात्र स्पॅमअसॅसिन की आरस्पॅमडी यावर सकाळ गेली. वर्षानुवर्षं मी पहिलाच वापरला. हात बसलेला. पण एवढ्याशा मशीनवर पर्लच्या चार-पाच प्रोसेस आणि त्यांच्यापुढे अमाविस हा मध्यस्थ म्हणजे वन-रूम-किचनमध्ये एकत्र कुटुंब. आरस्पॅमडी सी भाषेतला, हलका, आणि मिल्टर म्हणून पोस्टफिक्सला सरळ जोडता येतो, पोर्ट ११३३२.

मिल्टरचा मुद्दा महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर लिहून ठेवतो. समोरचा सर्व्हर मेल देतो आणि आपण "२५०, मिळाली" म्हणतो, त्या क्षणी जबाबदारी आपली होते. नंतर गाळणीनं नको म्हटलं तर उरतात दोनच वाटा. मेल गुपचूप गिळायची, किंवा परतीची चिठ्ठी पाठवायची. आणि स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक खोटा असल्यानं ती चिठ्ठी भलत्याच माणसाच्या डोक्यावर जाऊन आदळते. म्हणून निकाल "२५०" म्हणायच्या आधी, फोन चालू असतानाच लागला पाहिजे. मिल्टर नेमकं तेच करतो. खरा माणूस असेल तर त्याचाच सर्व्हर त्याला सांगतो की मेल घेतली नाही, कारण अमुक.

आरस्पॅमडी प्रत्येक मेलला गुण देतो, जास्त गुण म्हणजे जास्त संशय. मूळ गुण: ४ ला ग्रेलिस्ट ("नंतर या"), ६ ला हेडर (मेलच्या माथ्यावर खूण), १५ ला नकार. १५ तसेच ठेवले. ६ वर हेडर लावून मेल जंकमध्ये टाकायची प्रथा आहे, ती मोडली. त्याऐवजी विषयाच्या आधी "[संशय]" असा शिक्का आणि मेल इनबॉक्समध्येच. ४ च्या ग्रेलिस्टला हात लावला नाही.

३ ऑगस्ट, रविवार

पहाटे तीन वाजून काही मिनिटांनी कर्नलनं क्लॅमडी (क्लॅमएव्हीची प्रोसेस) मारला. लॉगमध्ये सरळ लिहिलंय, मेमरी संपली, म्हणून ही प्रोसेस मारली. कारण शोधायला लांब जायची गरज नाही. क्लॅमएव्हीच्या सह्या (व्हायरस ओळखायच्या खुणा) मेमरीत भरल्या की एकटाच १ जीबीच्या वर जागा खातो. नव्या सह्या आल्या की जुन्या टाकायच्या आधी तो नव्या शेजारी उभ्या करतो. क्षणभर दुप्पट. २ जीबीत बसवू म्हणणारा मीच.

त्याहून वाईट म्हणजे त्यानंतर सहा तास सगळं सुरळीत दिसत होतं. आरस्पॅमडीला अँटिव्हायरस सापडला नाही की तो शून्य गुणांची "फेल" अशी खूण लावतो आणि मेल पुढे सोडतो. दरवान झोपला, दार उघडं, आणि वहीत "सर्व ठीक".

रॅम ४ जीबी केली. सह्या एकदम नव्या-जुन्या न ठेवता आधीच्या काढूनच नव्या भराव्यात अशी सेटिंग केली; तेवढा मिनिटभर तपासणी थांबते, चालेल. ती "फेल" खूण दिसली की माझ्या फोनवर निरोप यावा एवढी स्क्रिप्ट लिहिली. भाडं वाढलं ते शेठना उद्या सांगायचं.

४ ऑगस्ट, सोमवार

चाचण्या. जीट्यूबची (गाळणी तपासायची ठरलेली) ओळ टाकून मेल पाठवली, नकार आला. आयकारची (अँटिव्हायरस तपासायची, निरुपद्रवी) ६८ अक्षरांची फाइल जोडून पाठवली, नकार. साधी मेल, पोहोचली. घरून, लॅपटॉपवरून, लॉगिन करून सगळं तपासलं. उद्या सकाळी एमएक्स वळवतो.

५ ऑगस्ट, मंगळवार

आजचा दिवस वहीत लाल शाईनं.

नऊ चाळीसला एमएक्स वळवला. दहाच्या सुमारास लॉग वाहायला लागला आणि मी खूश. मग वाचला. प्रत्येक ओळीत ५५४, म्हणजे कायमचा नकार. शिपिंग लाइन, सीएफएस, बँक, शेठचा भाऊ, सगळे झेनच्या, म्हणजे स्पॅमहाउसच्या एकत्रित काळ्या यादीत! दहा-पंधराला डॉक्युमेंटेशनच्या ताई आल्या, "दादा, आज मेल येतायत ना? दोघांचे फोन आले, परत येतायत म्हणून."

सगळं जग एकदम स्पॅमर होत नाही, म्हणजे चूक घरचीच. सर्व्हरवरून हातानं यादीत विचारलं. उत्तर १२७.२५५.२५५.२५४. हे "यादीत आहे" असं उत्तरच नव्हे. याचा अर्थ: तू सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (नावांचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर) विचारतोयस, अशा प्रश्नांना आम्ही उत्तर देत नाही. स्पॅमहाउसनं हे उघड लिहून ठेवलेलं आहे. व्हीपीएसच्या तयार साच्यात रिझॉल्व्हर म्हणून सार्वजनिक पत्ता होता, तो मी बदलला नाही. आणि पोस्टफिक्सच्या नियमात मी नुसतं यादीचं नाव लिहिलं होतं. नुसतं नाव असलं की कुठलंही उत्तर आलं तरी पोस्टफिक्स ते "होय, आहे" असंच धरतो. म्हणजे शेजाऱ्याला विचारावं, हा माणूस चोर आहे का, आणि त्यानं "मला विचारू नका" म्हटलं की त्या माणसाला हाकलून द्यावं.

मग काल सगळं कसं पास झालं? काल मी लॉगिन करून पाठवत होतो. लॉगिन केलेल्याला परवानगी देणारी ओळ यादीच्या ओळीच्या वर आहे. त्याला कुणी काही विचारतच नाही. घरमालकानं पुढच्या दारातून आत येऊन मागच्या दाराचं कुलूप तपासल्यासारखं. आणि ३० तारखेला आयपी तपासला तेव्हा घरच्या इंटरनेटचा रिझॉल्व्हर होता, म्हणून उत्तर नीट आलं.

दहा पंचवीसला बंद केलं. नंतर बसून केलेलं:

व्हीपीएसवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवला, आता प्रश्न इथूनच थेट जातात. यादीच्या नावापुढे १२७.०.०.२ ते ११ एवढीच उत्तरं ग्राह्य असं बांधून टाकलं. १२७.०.०.२ हा पत्ता चाचणीसाठी यादीत कायम असतो. तो दर तासाला विचारून अपेक्षित उत्तर येतंय का बघणारी क्रॉनची ओळ टाकली. आणि पोस्टफिक्समध्ये "सॉफ्ट बाउन्स" चालू केलं, जे सकाळी नऊलाच करायला हवं होतं. ते चालू असताना प्रत्येक कायमचा नकार तात्पुरता होतो. समोरचा सर्व्हर मेल स्वतःकडे ठेवून पुन्हा प्रयत्न करतो. पंचेचाळीस मिनिटांचा गोंधळ कुणाला कळलाही नसता.

लॉगमधून नाकारलेल्या पत्त्यांची यादी काढली. ४१ निघाले. त्यातले २९ खरे. ताई आणि मी दोघांनी बसून सगळ्यांना फोन केले. "पुन्हा पाठवता का, आमच्याकडे जरा काम चालू होतं." शेठ काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नारळी पौर्णिमा, ऑफिस अर्धं रिकामं. तरी एक तक्रार: डिलिव्हरी ऑर्डरच्या (डीओ, माल सोडायचा आदेश) पोर्टलचा ओटीपी वेळेत येत नाही. दहा मिनिटं चालतो आणि येतो पंधराव्या मिनिटाला.

ग्रेलिस्टची करामत. अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा "नंतर या" सांगायचं. खरा सर्व्हर परत येतो, स्पॅमचं यंत्र बहुधा येत नाही. २००३ च्या आसपास ही युक्ती सोन्यासारखी होती. तेव्हा मेलनं ओटीपी कोण पाठवत होतं? त्या पोर्टलची मेल इतकी ओबडधोबड आहे (मेसेज-आयडी नाही, साधा मजकूर नाही, नुसतं एचटीएमएल) की ४ गुण सहज भरतात. त्यांना कळवलं. ते सुधारतील याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. ग्रेलिस्ट पूर्ण बंद. थोडा कचरा वाढेल. शेठचं वाक्य पहिल्या पानावर आहेच.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बेझचं शिक्षण. आधीच्या मेलवरून स्पॅम ओळखायला शिकणारा आरस्पॅमडीचा हा भाग दोन्ही बाजूंच्या किमान २०० मेल शिकल्याशिवाय तोंडच उघडत नाही. जुन्या होस्टिंगवरून तीन वर्षांचा साठा उतरवला. चांगल्या हव्या तितक्या. स्पॅम ताईंबरोबर बसून वेगळा केला, आणि हा दिवस मजेत गेला.

सुटे शब्द मोजण्याऐवजी हा बेझ पाच शब्दांच्या खिडकीत शब्दांच्या जोड्या लावतो. म्हणून इथली भाषा त्याला लवकर कळेल असं वाटतं. "सप्रेम नमस्कार" ही जोडी इथल्या एकाही स्पॅममध्ये सापडली नाही. "सील नंबर", "फ्री डेज", "डीओ झाला का" याही पक्क्या घरच्या. उलट "काइंडली डू द नीडफुल" कुचकामी. ते चोरही लिहितात आणि आमचे शेठही.

ताईंनी सत्यनारायणाचं एक आमंत्रण उचलून धरलं. "हे कशात? पाठवणारा कोण मला माहीत नाही, पण पूजा तर खरी असेल." चांगल्यात टाकलं.

पुढच्या शिक्षणासाठी प्रत्येकाच्या मेलबॉक्समध्ये "कचरा" नावाचं फोल्डर दिलं. सर्व्हर स्वतःहून त्यात काही टाकत नाही. माणसानं मेल ओढून टाकली की डव्हकॉटचं सीव्ह (मेलबॉक्सचे नियम चालवणारा भाग) ती बेझला शिकवतं, बाहेर काढली की उलटं शिकवतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

अकरा वाजता ताईंचा फोन, मी ठाण्याला नऊ नंबरच्या प्लॅटफॉर्मवर. "दादा, अरायव्हल नोटीसवर संशय लिहून येतंय." ऐकून पोटात गोळा. वाशी गाडीत उभ्यानंच लॅपटॉप उघडता येत नाही, फोनवर लॉग वाचत कोपरखैरणेपर्यंत आलो. बेझचे गुण चढलेले. परवाचं शिक्षण दोन दिवसांत बिघडलं कसं?

शेठच्या "कचरा" फोल्डरात गेलो. एकाच पार्टीच्या सदतीस मेल. विचारलं. "अहो, आठ महिने पैसे दिले नाहीत त्यानं. त्याच्या मेल बघायच्याच नाहीत मला." त्या सदतीसही मेलमध्ये कंटेनर नंबर, सील नंबर, बीएल, जहाजाचं नाव. शेठनी रागाच्या भरात गाळणीला शिकवलं की धंद्याची भाषा म्हणजे कचरा!

सदतीस मेल चांगल्या म्हणून पुन्हा शिकवल्या. आधीचं शिक्षण आरस्पॅमडी त्या वेळी आपणहून मागे घेतो, हे बरं. नोटीस पुन्हा तपासली, गुण खाली आले. आता शिकवायचा अधिकार फक्त ताईंच्या फोल्डरला. शेठना थकबाकीदारांसाठी वेगळं फोल्डर करून दिलं, नाव त्यांनीच सुचवलं, ते इथे लिहीत नाही.

एक मात्र टिपून ठेवतो. नोटीस इनबॉक्समध्येच होती, शिक्क्यासकट. जुन्या पद्धतीनं ती आजही फोल्डरात गडप झाली असती.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस कोसळतोय, लोकलचे हाल, कोपरीतून घरूनच काम. ताईही घरून. त्यांनी एक मेल पाठवली, "ही बघा, मला बरी वाटत नाही."

नेहमीच्या फॉरवर्डरकडून (मालाच्या वाहतुकीची व्यवस्था करणारी कंपनी): या शिपमेंटचे चार्जेस नव्या खात्यात भरा, सोबत पत्र. गुण अवघे १.२. एसपीएफ (पाठवणारा आयपी डोमेनला मान्य आहे का) पास, डीकिम (डोमेनची सही) पास, डीमार्क (या दोन्हींचा दिसणाऱ्या डोमेनशी मेळ) पास. तीन वेळा वाचल्यावर दिसलं: डोमेनमध्ये "एम" च्या जागी "आर" आणि "एन" शेजारी शेजारी. बारीक अक्षरात डोळा फसतोच. चोरानं ते डोमेन रीतसर विकत घेऊन सगळ्या नोंदी नीट लावल्या होत्या, आमच्या पोर्टलवाल्यांपेक्षा कितीतरी नीट. या तिन्ही तपासण्या एवढंच सांगतात की मेल खरोखर या डोमेनवरून आली. हे डोमेन तुमच्या ओळखीचं आहे का, ते त्यांना कसं कळणार?

ताईंना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाल्या, "तो मुलगा कधीच पहिल्या मेलला अटॅचमेंट जोडत नाही. विसरतो, मग सॉरी म्हणून दुसरी पाठवतो. ह्यात पहिल्याच फटक्यात जोडलेलं."

असला नियम आरस्पॅमडीत लिहिता येत नाही. जमेल तेवढं केलं. दोन वर्षांच्या बिलांतून ओळखीच्या फॉरवर्डर आणि लाइनची ६३ डोमेनं काढून यादी लावली. यादीबाहेरच्या मेलमध्ये बँक खातं, आयएफएससी, स्विफ्ट असे शब्द दिसले की ६ गुण, म्हणजे शिक्का. आणि ऑफिससाठी तोंडी नियम: खातं बदललं म्हणणाऱ्याला फोन, आणि फोन नंबर मेलमधला नाही, जुन्या बिलावरचा.

आपल्या स्वतःच्या डोमेनचं डीमार्क नुसतं बघ्याच्या भूमिकेत होतं, ते क्वारंटाइनवर नेलं, म्हणजे आमच्या नावानं आलेली खोटी मेल संशयित धरा असं बाकीच्यांना सांगितलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

शेठची मेल त्यांच्या खाजगी खात्यावर फॉरवर्ड होते. ती सोय पहिल्या दिवसापासूनची, मी तशीच ठेवली. आज कळलं, शिक्का बसलेल्या मेल तिकडे स्पॅममध्ये जातायत.

गणित सोपं आहे, सुचलं उशिरा. फॉरवर्ड केलं की मेल आमच्या आयपीवरून निघते, मूळ पाठवणाऱ्याचं एसपीएफ तिथेच तुटतं. उरतो डीकिमचा आधार. त्या सहीत विषयाची ओळही धरलेली असते, आणि विषयात "[संशय]" घुसवून मी स्वतःच ती सही मोडतो. दोन्ही पाय गेले. अडगळीची खोली मी बंद केली आणि तिचं दार दुसऱ्याच्या घरात उघडलं.

फॉरवर्ड बंद. शेठच्या फोनवर ऑफिसचं खातं थेट लावलं, ते काम त्यांच्या मुलीनं दोन मिनिटांत केलं. "आता दोन ॲप बघू का मी?" असं दिवसभर चालू होतं. संध्याकाळी शांत झाले.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. तुर्भ्याला भाजी मार्केटची गर्दी गाडीतूनच दिसते. सॉफ्ट बाउन्स बंद करायचं होतं म्हणून आलो. वीस दिवस लॉग वाचला, चुकीचा नकार एकही नाही. बंद केलं, आता नकार म्हणजे नकार.

दुपारी कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टरचा फोन. "तुम्हाला मेल केली तर परत येतेय. काहीतरी ५५४ लिहिलंय." छातीत धस्स झालं, ५ तारीख आठवली. आधी अनबाउंडला विचारलं. उत्तर १२७.०.०.४. हे खरं उत्तर, एक्सबीएल यादी: त्यांच्या आयपीवरचं कुठलं तरी मशीन बिघडलेलं, बहुधा व्हायरस लागलेलं. त्यांना तो परतीचा मजकूर शेवटपर्यंत वाचायला लावला. त्यात कुठे तपासायचं ते लिहिलेलं असतं. त्यांचा पोरगा बसला. तासाभरानं कळवलं, वजनकाट्याशेजारचा जुना कॉम्प्युटर निघाला, रात्रंदिवस बाहेर काहीतरी पाठवत होता. तो नेटवरून काढलाय, यादीतून नाव निघेपर्यंत मेल थांबेल.

तोवर उद्याच्या दोन गाड्यांचे नंबर ताईंनी फोनवर लिहून घेतले.